विषाणूंची विकरे, गंधकाची स्थाने आणि आपली औषधी : परीक्षानळीतील निष्कर्ष कसा वाचावा?

वैद्यांच्या आणि औषधनिर्मात्यांच्या टेबलावर गेल्या काही वर्षांत एक विशिष्ट प्रकारचे पत्रक वारंवार येऊ लागले आहे. गुळगुळीत कागद, एखाद्या वनस्पतीचे रंगीत छायाचित्र, त्याखाली एक आलेख आणि ठळक अक्षरांत एक वाक्य : ‘अमुक घनसत्त्व विषाणूच्या प्रोटीएझ विकराची क्रिया नव्वद टक्के रोखते.’ प्रतिनिधी आदराने पत्रक पुढे ठेवतो. वैद्य ते वाचून समाधान पावतात, कारण आपल्या परंपरेतील वनस्पतीला प्रयोगशाळेने मान्यता दिल्यासारखे त्यांना वाटते. औषधनिर्माता आणखी एक पाऊल पुढे जाऊन विचारतो, ‘हे लेबलावर छापता येईल का?’

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ‘विकर रोखले’ या दोन शब्दांत नेमके काय घडलेले असते, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रयोग खरा असू शकतो, आकडा खरा असू शकतो आणि तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष रुग्णाच्या दृष्टीने घातक ठरू शकतो. प्रस्तुत लेखात एड्सच्या विषाणूच्या एका विकराचे उदाहरण घेऊन हा विषय उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. या विकराचा अभ्यास इतक्या बारकाईने झाला आहे की, प्रथिनावर रासायनिक संस्कार झाला असता त्याच्या क्रियेवर काय परिणाम होतो, हे त्यातून स्वच्छ दिसते.

दोन दलांचे विकर

एचआयव्ही हा विषाणू पेशीत शिरल्यावर आपली प्रथिने सुटी सुटी तयार करीत नाही. ती एका लांब साखळीच्या रूपाने तयार होतात. ही साखळी ठरावीक जागी कापली गेली, तरच पुढील पेशीला बाधा करू शकणारा परिपक्व विषाणू निर्माण होतो. ही कात्री म्हणजे विषाणूचे प्रोटीएझ विकर. कात्री बंद पडली तर विषाणू बाहेर पडतात खरे, परंतु ते अपक्व आणि निरुपद्रवी असतात.

या विकराची रचना १९८९ साली स्फटिकाच्या अभ्यासातून उलगडली. त्यात दोन समान भाग असून प्रत्येक भाग ९९ अमिनो आम्लांचा आहे. हरभऱ्याची दोन दले एकत्र यावीत तसे हे भाग एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या सांध्यातच कापण्याचे क्रियास्थळ तयार होते. प्रत्येक दलातील २५ व्या स्थानावरचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल तेथे समोरासमोर येते. आपल्या जठरातील पेप्सिन हे विकर याच कुळातील आहे. त्यात मात्र दोन दले वेगळी नसून एकच सलग साखळी असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण विषाणूच्या विकराची दले विलग झाली की क्रियास्थळच नाहीसे होते.

प्रत्येक दलात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल दोन ठिकाणी असते : ६७ व्या आणि ९५ व्या स्थानी. यांपैकी एकही क्रियास्थळावर नाही. म्हणून प्रथमदर्शनी त्यांचे महत्त्व जाणवत नाही. परंतु या लेखाचा सारा विषय या दोन स्थानांभोवतीच फिरणार आहे.

गंधकाचे आकर्षण

सिस्टीनच्या टोकाशी गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते. तिला थायोल गट म्हणतात. प्रथिनातील वीस प्रकारच्या अमिनो आम्लांमध्ये रासायनिक बदलाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांत सिस्टीनची गणना होते. ऑक्सिडीकरण झाले तर दोन गंधक एकमेकांशी जोडले जातात. धातूंचे आयन त्याला चिकटतात. वनस्पतींतील अनेक क्रियाशील रेणूही त्याच्याशी बंध जोडतात.

रसशास्त्राच्या अभ्यासकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. पारद आणि गंधक एकत्र खलले असता कज्जली कशी होते, हे आपण खलात पाहतो. झाइसे या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात थायोल वर्गातील द्रव्याचा शोध लावला, तेव्हा पाऱ्याला धरून ठेवण्याच्या त्याच्या गुणावरूनच त्याला ‘मर्कॅप्टन’ हे नाव दिले. पारा पकडणारा, असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ होतो.

हेच आकर्षण विषाणूच्या विकरातही दिसते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील कार्लस्ट्रम आणि लेव्हाइन या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तांबे आणि पारा यांच्या आयनांनी अत्यल्प प्रमाणातही एचआयव्ही प्रोटीएझची क्रिया बंद पाडली. सिस्टीन नसलेले विकर कृत्रिमरीत्या तयार करून त्यावर हेच आयन वापरले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे धातूचा हल्ला प्रामुख्याने गंधकाच्या स्थानांमार्फत होत होता. क्षपणकारक द्रव्य सोबत असताना मात्र तांब्याने सिस्टीनविरहित विकरही रोखले. तेव्हा वाट एकच नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

‘मग ताम्रभस्म आणि पारदकल्प एड्सवर चालतात तर!’ असा विचार येथे कोणाच्या मनात आला असेल, तर तो तत्काळ दूर सारावा. परीक्षानळीत केवळ विकर आणि धातूचा आयन होता. शरीरात हाच आयन हजारो प्रथिनांच्या गंधकाला चिकटू शकतो. पाऱ्याची विषाक्तता ज्या कारणांनी घडते, त्यांतील एक प्रमुख कारण हेच आहे. विषाणूचे विकर आणि वृक्कातील विकर यांत तो भेद करीत नाही.

एकच संस्कार, दोन विरुद्ध फळे

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराच्या आठ विशेष आयतनांमध्ये ‘करण’ सांगितले आहे. करण म्हणजे संस्कार, आणि संस्काराने द्रव्यात गुणांतर घडते, असा त्याचा आशय आहे. आधुनिक प्रथिनशास्त्र चरकांना ज्ञात होते, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु मूळ द्रव्य तेच असूनही संस्काराने त्याचे गुण पालटतात, ही कल्पना आपल्याला परिचित असल्याने पुढील प्रयोग समजणे सोपे जाईल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डेव्हिस, यार्चोअन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विकरावर ग्लुटाथायोन या रेणूचा संस्कार केला. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा लहान रेणू असून त्यातही सिस्टीन असते. आपल्या पेशींमध्ये तो विपुल प्रमाणात, म्हणजे सुमारे १ ते १० मिलिमोलर इतका आढळतो. तेव्हा हा काही परका, विषारी पदार्थ नव्हे. तो शरीराचाच रक्षक आहे.

कोणत्या स्थानाचा काय परिणाम होतो, हे वेगळे करण्यासाठी एकेका सिस्टीनच्या जागी दुसरे अमिनो आम्ल बसवून विकराचे निरनिराळे नमुने तयार करण्यात आले. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. ९५ व्या स्थानी ग्लुटाथायोन जोडले गेले, तेव्हा विकराची क्रिया बंद पडली. ६७ व्या स्थानी तेच ग्लुटाथायोन जोडले गेले, तेव्हा क्रिया बंद पडली नाहीच, उलट विकर अधिक स्थिर आणि अधिक क्रियाशील झाले.

याचे कारण रचनेत आहे. ९५ वे स्थान दोन दलांच्या सांध्यापाशी येते. तेथे एखादा जाड रेणू अडकला की दले नीट मिटत नाहीत आणि कात्रीच तयार होत नाही. ६७ वे स्थान पृष्ठभागावर आहे, सांध्यापासून दूर आहे. तेथे बसलेला रेणू दलांच्या मीलनाच्या आड येत नाही.

शल्यतंत्राच्या परिभाषेत सांगायचे तर हा मर्माचा न्याय झाला. सुश्रुतांनी सांगितलेल्या १०७ मर्मांवरील आघात आणि इतरत्र झालेला तेवढाच आघात यांचे फळ सारखे नसते. शस्त्र तेच, बळ तेच, मात्र स्थान निराळे. म्हणून ‘या द्रव्याने विषाणूच्या प्रथिनात बदल घडवला’ एवढे सांगणे पुरेसे नाही. बदल कोणत्या स्थानी घडवला, हे कळल्याशिवाय क्रिया घटली की वाढली, याचा अंदाजही बांधता येत नाही.

बदल परतही फिरतो

या कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. गंधकाशी जडलेला ग्लुटाथायोन काढून टाकणारे ग्लुटारेडॉक्सिन नावाचे विकर मानवी पेशीतच असते. त्याच संशोधक गटाने दाखवले की, ग्लुटारेडॉक्सिनच्या सान्निध्यात विषाणूच्या बंद पडलेल्या प्रोटीएझची क्रिया पुन्हा सुरू होते. एचआयव्हीच्या दुसऱ्या प्रकारात ९५ व्या स्थानी सिस्टीनऐवजी मिथिओनीन हे अमिनो आम्ल आहे. त्यातही गंधक असते आणि त्याचे ऑक्सिडीकरण झाले की त्या विकराची क्रिया घटते. हा बदलही शरीरातील एक विकर मागे फिरवू शकते.

याचा व्यावहारिक अर्थ असा : बाटलीतील विकरावर केलेला रासायनिक संस्कार पेशीच्या आत टिकेलच असे नाही. पेशीत एका बाजूला ग्लुटाथायोनचा सागर आहे, जो क्रियाशील रेणूला वाटेतच गाठतो. दुसऱ्या बाजूला झालेली दुरुस्ती उलटवणारी विकरे आहेत. परीक्षानळीत यांपैकी काहीच नसते.

कोविडच्या काळातील धडा

हाच अनुभव २०२० नंतर पुन्हा आला. सार्स-कोव्ह-२ विषाणूचे मुख्य प्रोटीएझ हे निराळ्या कुळातील विकर आहे. त्याचे क्रियास्थळ अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे नसून १४५ व्या स्थानावरील सिस्टीनचे आहे. या विकराच्या प्रत्येक दलात ३०६ अमिनो आम्ले असून त्यांत एकूण १२ सिस्टीन आहेत. तेव्हा गंधकाशी जुळणारे कोणतेही द्रव्य या विकराला रोखेल, अशी अपेक्षा होतीच. तसे अहवालही धडाधड प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठातील एका गटाने एब्सेलेन, डायसल्फिराम, शिकोनिन यांसारख्या सहा गाजलेल्या अवरोधकांची फेरतपासणी केली. प्रयोगात क्षपणकारक द्रव्य मिसळले, म्हणजे पेशीच्या अंतरंगाची थोडीफार नक्कल केली, तेव्हा या द्रव्यांचा अवरोध ओसरला. ती द्रव्ये विषाणूचे विकर ओळखत नव्हती. जे गंधक समोर येईल त्याला ती चिकटत होती.

२०२१ मध्ये डेव्हिस यांच्या गटाने या विकराच्या ३०० व्या स्थानावरील सिस्टीनला ग्लुटाथायोन जोडले की दले एकत्र येण्यास अडथळा होतो, असे दाखवले. हे स्थान क्रियास्थळापासून दूर आहे. एचआयव्हीत जे ९५ व्या स्थानी दिसले, तेच येथे वेगळ्या विषाणूत, वेगळ्या कुळाच्या विकरात दिसले. हा बदलही ग्लुटारेडॉक्सिन मागे फिरवू शकते.

याउलट निर्माट्रेल्विर हे औषध पाहावे. तेही १४५ व्या सिस्टीनच्या गंधकाशीच बंध जोडते. मात्र प्रथम त्याचा आकार विकराच्या खोबणीत किल्लीप्रमाणे बसतो आणि मगच बंध जुळतो. आधी ओळख, मग आलिंगन, असा हा क्रम आहे. म्हणून ते इतर प्रथिनांना सहसा धक्का लावत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये या औषधाला तातडीच्या वापराची आणि मे २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. रासायनिक संस्काराने औषध घडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. नित्य वापरातील अ‍ॅस्पिरिनही रक्तबिंबिकांतील एका विकराला असाच कायमचा संस्कार करते. तेव्हा दोष संस्काराच्या कल्पनेत नाही. दोष आंधळ्या संस्कारात आहे.

आपली कषायद्रव्ये कोठे बसतात?

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. हिरडा, बेहडा, आवळा, डाळिंबाची साल, बाभळीची साल या कषायरसप्रधान द्रव्यांत टॅनिन वर्गातील घटक भरपूर असतात. टॅनिनचा मूलभूत गुणच प्रथिनांना बांधण्याचा आहे. सह्याद्रीत वेचला जाणारा हिरडा कातडी कमावण्यासाठी वापरला जातो, तो याच गुणामुळे. जे द्रव्य कातड्यातील प्रथिनांना घट्ट करते, ते परीक्षानळीतील विकरालाही जखडून टाकते. मग ते विकर एचआयव्हीचे असो, कोरोनाचे असो वा आपल्या आतड्यातील पाचक विकर असो. म्हणून वनस्पतींच्या अर्कांची विकरांवर चाचणी घेताना अनुभवी संशोधक टॅनिन आधी वेगळे काढतात. ते न काढता मिळालेला ‘नव्वद टक्के अवरोध’ हा बहुधा कषायरसाचाच पुरावा असतो, विषाणुघ्नतेचा नव्हे.

फ्लॅव्होनॉइड वर्गातील मायरिसेटिन या घटकाची कथा याहून बोधप्रद आहे. २०२१ साली शांघायच्या संशोधकांनी दाखवले की, त्याच्या रेणूतील तीन शेजारी हायड्रॉक्सिल असलेला भाग कोरोनाच्या प्रोटीएझमधील १४५ व्या सिस्टीनशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतो. संशोधकांनी हा भाग नव्या औषधाच्या रचनेचा प्रारंभबिंदू म्हणून मांडला. अंतिम औषध म्हणून नव्हे. तोंडाने घेतलेल्या अशा घटकांवर आतड्यात आणि यकृतात प्रक्रिया होते आणि मूळ रूपात रक्तात पोहोचणारा अंश फार थोडा उरतो.

हळदीचे उदाहरण आकड्यांतच पाहावे. १९९३ साली कर्क्युमिन एचआयव्ही प्रोटीएझला रोखते, असे प्रसिद्ध झाले. विकराची निम्मी क्रिया रोखण्यास सुमारे १०० मायक्रोमोलर इतकी संहती लागली. २००१ साली तैवानमध्ये झालेल्या मानवी अभ्यासात दररोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावरही रक्तातील सर्वोच्च सरासरी पातळी १.७७ मायक्रोमोलरच भरली. हळदपूड नव्हे, शुद्ध कर्क्युमिन, आणि तेही ८ ग्रॅम! तरीही आवश्यक आणि प्रत्यक्ष पातळी यांत पन्नासपटींहून अधिक अंतर राहिले. २०१० साली ऑस्ट्रेलियातील बेल आणि हॉलोवे यांनी चाचण्यांना चकवणाऱ्या रेणूंचे वर्गीकरण केले. ज्या रेणूंचा परिणाम जवळजवळ प्रत्येक विकरावर ‘सकारात्मक’ येतो, ते या वर्गात मोडतात. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका विस्तृत समीक्षेत कर्क्युमिनलाही अशाच चकवणाऱ्या रेणूंत गणण्यात आले.

यावरून हळद निरुपयोगी ठरत नाही. हरिद्रेचे शास्त्रोक्त उपयोग विषाणूच्या प्रोटीएझवर कधीच अवलंबून नव्हते. निरुपयोगी ठरतो तो केवळ तिच्या नावाने केलेला चुकीचा दावा.

भूम्यामलकीची आठवण

वैद्यवर्गाला अधिक जवळचे उदाहरण भूम्यामलकीचे आहे. १९८७ साली व्यंकटेश्वरन, मिलमन आणि ब्लूमबर्ग यांनी या कुळातील वनस्पतीचा अर्क यकृतशोथ-ब विषाणूच्या डीएनए पॉलिमरेज विकराला रोखतो, असे प्रसिद्ध केले. ब्लूमबर्ग म्हणजे याच विषाणूच्या शोधकार्याबद्दल १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ. १९८८ साली चेन्नईतील संशोधकांचा मानवी अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. भूम्यामलकी दिलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातील पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. दुसऱ्या गटात २३ पैकी केवळ एकाचे. आयुर्वेदजगतात आनंदाची लाट उसळणे स्वाभाविक होते.

त्यानंतर थायलंडमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये तसे अभ्यास झाले. तेथे तो परिणाम आढळला नाही. जाती निराळी होती का, जमीन निराळी होती का, रुग्णांच्या आजाराची अवस्था निराळी होती का, यावर चर्चा झाली. कारण काहीही असो, प्रयोगशाळेतील उत्तम निष्कर्ष आणि एका ठिकाणचा उत्तम मानवी अभ्यास एवढ्यावर थांबता येत नाही, हा धडा आपल्याच वनस्पतीने आपल्याला दिला आहे. येथे एक गोष्ट अभिमानाने नोंदवावीशी वाटते. भूम्यामलकीची मानवी चाचणी झाली, प्लासिबो गट ठेवून झाली, आणि म्हणूनच तिच्याविषयी बोलता येते.

खरा धोका कोठे आहे?

एवढा ऊहापोह कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. पत्रकातील वाक्य शेवटी रुग्णाच्या कानावर जाते. ‘या काढ्याने विषाणूचे विकर बंद पडते’ असे ऐकलेला एचआयव्हीबाधित रुग्ण आपली रोजची गोळी सोडण्याचा विचार करतो. औषधात खंड पडला की विषाणूची संख्या वाढते आणि औषधाला न जुमानणारे वाण निर्माण होण्याची शक्यता बळावते. ही हानी नंतर कोणत्याही रसायनाने भरून निघत नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. रुग्ण गोळी सोडत नाही, परंतु तिच्यासोबत आपले औषध घेतो. लसणाचे उदाहरण पाहा. लसूण ठेचल्यावर निर्माण होणारा अ‍ॅलिसिन हा घटक थायोल गटाशी चटकन संयोग पावतो, म्हणजे परीक्षानळीत तो सिस्टीनयुक्त विकरांचा शत्रूच. परंतु निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसणाच्या कॅप्सूल तीन आठवडे दिल्या असता एचआयव्ही प्रोटीएझ रोखणाऱ्या सॅक्विनाविर या औषधाची रक्तातील एकूण मात्रा सुमारे ५१ टक्क्यांनी घटली. लसूण थांबवून दहा दिवस झाले तरी ती पूर्ववत झाली नव्हती. परीक्षानळीत ज्याने विकराला रोखण्याची आशा दाखवावी, त्यानेच देहात विकर रोखणाऱ्या औषधाचा घात करावा, याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. उलट दिशेचा परिणामही घडतो. पिंपळी आणि मिरी यांतील पायपरीनमुळे नेव्हिरापीन या औषधाची रक्तातील पातळी वाढल्याचे २००७ साली दिसून आले.

आजच्या उपचारांत एक बाब वैद्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर हा संयोग प्रथम पसंतीचा उपचार म्हणून आला. यांतील डोल्युटेग्राविर विषाणूच्या इंटिग्रेज विकरातील मॅग्नेशियमला धरून काम करते. धातूला धरण्याचा हाच गुण त्याला पोटात अडचणीत आणतो. मॅग्नेशियम वा अ‍ॅल्युमिनियमयुक्त अम्लनाशके, तसेच कॅल्शियम वा लोहाच्या गोळ्या सोबत घेतल्या तर औषध त्या धातूंनाच धरून बसते आणि पुरेसे शोषले जात नाही. म्हणून ते अम्लनाशकांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घेण्याची सूचना आहे. कॅल्शियम आणि लोह उपाशीपोटी घ्यायचे असल्यासही हेच अंतर पाळावे लागते. शंखभस्म, कपर्दिकाभस्म, प्रवाळ, गोदंती ही कॅल्शियमची, मंडूर आणि लोहभस्म ही लोहाची, तर यशदभस्म हे जस्ताचे कल्प आहेत, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा अशा रुग्णाला हे कल्प देताना तेच अंतर राखणे आणि त्याच्या उपचारकेंद्राला कळवणे, हे वैद्याचे कर्तव्य ठरते.

पत्रक हाती आल्यावर विचारावयाचे प्रश्न

पुढच्या वेळी असे पत्रक समोर आले की खालील प्रश्न विचारावेत.

१. चाचणी अर्कावर झाली की शुद्ध घटकावर? अर्कावर झाली असल्यास टॅनिन आधी काढले होते का?

२. प्रयोगात क्षपणकारक द्रव्य होते का? ते मिसळल्यावरही अवरोध टिकला का?

३. असंबद्ध विकरांवर, उदाहरणार्थ पेप्सिन किंवा ट्रिप्सिनवर, तेच द्रव्य तपासले का? सर्वांनाच रोखत असेल तर त्याला विषाणुघ्न म्हणता येत नाही.

४. अवरोधासाठी किती संहती लागली आणि तेवढी पातळी मानवी रक्तात येते का?

५. विकराच्या पुढे जाऊन बाधित पेशीत, प्राण्यात आणि माणसात काय दिसले?

सामान्यतः पहिल्या तीन प्रश्नांतच पत्रकाची झळाळी कमी होते. पाचही प्रश्नांना उत्तर देणारे द्रव्य मिळाले, तर मात्र त्याचा आपण सर्वांनी मिळून पाठपुरावा केला पाहिजे.

लेबलावर छापावे काय?

आरंभी औषधनिर्मात्याने विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम सर्व वैद्यकपद्धतींना सारखाच लागू होतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ज्या अनुसूचीत बरे करण्याचा दावा करू नये असे आजार दिले आहेत, तिची सुरुवातच एड्सने होते. कोविडच्या आरंभी, एप्रिल २०२० मध्ये, आयुष मंत्रालयानेही निराधार दाव्यांविरुद्ध आदेश काढले होते.

परंतु केवळ कायद्याच्या भयाने गप्प राहणे हे शास्त्रज्ञाला शोभत नाही. विषाणूच्या ६७ व्या आणि ९५ व्या स्थानांची कथा आपल्याला त्याहून सखोल कारण देते. एकच द्रव्य, एकाच विकरावर, एका जागी क्रिया थांबवते आणि दुसऱ्या जागी वाढवते. ज्याला हे ठाऊक आहे, तो ‘विकरावर परिणाम होतो’ एवढ्या वाक्यावर रुग्णाचे आयुष्य पणाला लावणार नाही.

आपल्या परंपरेने द्रव्याचा विचार रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव अशा अनेक अंगांनी केला. मात्रा, काल, अग्नी आणि देह यांना वगळून द्रव्याची महती गाण्याची सवय आपल्या आचार्यांना नव्हती. परीक्षानळीत अग्नी नसतो, कोष्ठ नसतो, धातू नसतात. तेथील निष्कर्ष देहापर्यंत पोहोचतो की नाही, हे तपासण्याची शिस्त आपल्याला परकी वाटता कामा नये.

म्हणून औषधनिर्मात्या बंधूंना विनंती आहे की, ते वाक्य लेबलावर छापू नये. त्याऐवजी प्रयोगशाळेला वरील पाच प्रश्न लिहून पाठवावेत. आणि वैद्यबंधू-भगिनींनी एवढेच करावे : विषाणुविरोधी गोळ्या घेत असलेला रुग्ण समोर बसला की, नाडी पाहण्यापूर्वी त्याच्या गोळ्यांचे पाकीट मागून घ्यावे, त्यावरील नावे वाचावीत आणि मगच आपले औषध लिहावे.